गुणवत्तेच्या दोन याद्या

माझ्या कपाटात दोन याद्या आहेत. एक ‘ॲडव्हान्स्ड लर्नर’ विद्यार्थ्यांची, दुसरी ‘स्लो लर्नर’ विद्यार्थ्यांची. प्रवेशानंतर विद्यार्थ्यांची शिकण्याची पातळी तपासावी व दोन्ही गटांसाठी वेगवेगळे उपक्रम घ्यावेत, असा एक निकष नॅकच्या मूल्यांकनात होता. निकष वाईट नव्हता. आम्ही तो कसा राबवला, हे तपासण्यासारखे आहे. आम्ही बारावीचे गुण घेतले, साठ टक्क्यांवर रेघ ओढली, वरची नावे एका कागदावर व खालची दुसऱ्या कागदावर उतरवली. खाली प्राध्यापकाची सही. ती सही माझी आहे.

याद्यांत जातीचा रकाना नव्हता. तरीही पहिली यादी वाचली की शहरातल्या कॉलन्या डोळ्यांसमोर येत आणि दुसरी वाचली की समाजकल्याणचे वसतिगृह, झोपडपट्टी, शेवटच्या एस.टी.ने येणारी गावे. पहिल्या यादीसाठी चर्चासत्र, वक्तृत्व, स्पर्धा परीक्षेचे मार्गदर्शन. दुसरीसाठी सकाळी आठचा उपचारात्मक वर्ग. ‘उपचार’ हा शब्द मी पुष्कळ दिवस कसलाही विचार न करता वापरत होतो. आजार कोणाचा आणि उपचार कोणावर, हा प्रश्न मला उशिरा पडला. तो एका विद्यार्थ्यामुळे पडला. त्याच्याविषयी पुढे लिहीन.

समावेशक शिक्षण आणि प्रज्ञावान विद्यार्थी, हे दोन विषय आपल्याकडे कधी एका टेबलावर येत नाहीत. समावेशक शिक्षण म्हटले की अपंग मूल, दलित-आदिवासी मूल, गळती, माध्यान्ह भोजन. प्रज्ञावान म्हटले की ऑलिंपियाड, प्रज्ञाशोध परीक्षा, चष्मा लावलेला शहरी मुलगा. पहिल्या खात्यात दया आहे, दुसऱ्यात अभिमान. पहिल्या खात्यातले मूल दुसऱ्या खात्यातही असू शकते, ही शक्यताच व्यवस्थेने गृहीत धरलेली नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, ज्या समावेशनात आमच्या मुलाला बसायला जागा मिळते पण त्याची बुद्धी ओळखली जात नाही, ते अर्धे बहिष्करणच आहे.

वस्तुतः हा विचार असा तुटलेला नव्हता. १९९४ साली स्पेनमधल्या सालामांका येथे जी परिषद झाली, तिच्यापासून समावेशक शिक्षणाची आजची चर्चा सुरू झाली असे मानले जाते. तिथल्या कृती-आराखड्यात, शाळेने कोणाकोणाला सामावून घ्यावे याची जी गणना आहे, तिच्यात अपंग मुलांच्या जोडीलाच प्रज्ञावान मुले आहेत. त्याच वाक्यात पुढे रस्त्यावरची मुले, काम करणारी मुले, दूरच्या व भटक्या समूहांतली मुले, भाषिक-वांशिक अल्पसंख्याक मुले येतात. सगळी एका रांगेत. आता आपले २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण उघडावे. प्रज्ञावान विद्यार्थ्यांची कलमे चौथ्या प्रकरणात आहेत. समन्यायी व समावेशक शिक्षण सहाव्यात. चौथ्यात मंडळे, प्रकल्प, ऑलिंपियाड, ऑनलाइन प्रश्नमंजूषा आहेत. ग्रामीण भागाचा व प्रादेशिक भाषांचा तिथे उल्लेख आहे, हे मान्य केले पाहिजे. सहाव्यात वंचित गटांतल्या गुणवंतांना शुल्कमाफी व शिष्यवृत्ती मिळावी असेही म्हटले आहे. म्हणजे वंचिताची प्रज्ञा येते ती शुल्कमाफीच्या संदर्भात. पैसा लागतोच, मी स्वतः शिष्यवृत्तीवर शिकलो आहे. पण शिष्यवृत्ती मिळते ती ओळखल्या गेलेल्या मुलाला. त्याला ओळखायचे कोणी आणि कशावरून?

इथे मला माझ्या चौथीच्या वर्गात जावे लागते.

आमच्या वेळी शिष्यवृत्तीची परीक्षा चौथीला असे आणि ती फेब्रुवारीत होई. गुरुजींनी दिवाळीनंतर जादा तास सुरू केले. त्यांत पाच मुले निवडली. मी त्यांपैकी एक. वर्गात तांड्यावरून येणारी एक मुलगी होती. तोंडी हिशेबात तिच्यापुढे आमचा कोणाचाच टिकाव लागत नसे. पण तिचे आईबाप ऊस तोडायला जात. दिवाळी झाली की टोळी निघे आणि ती धाकट्या भावाला सांभाळायला त्यांच्याबरोबर जाई. परत येई ती पाडव्याच्या सुमाराला. मुकादमाची उचल किती, टनाचा भाव काय, खाडे किती पडले आणि शेवटी बापाच्या अंगावर किती फिरते, हा सारा हिशेब ती कोपीत बसून तोंडी करी. मुकादमाच्या वहीतली चूक तिने एकदा बापाला दाखवली होती आणि त्याबद्दल बापाकडूनच मार खाल्ला होता. हे तिनेच आम्हाला हसत सांगितले.

त्या वर्षी ती परत आली तेव्हा परीक्षा होऊन गेली होती. मी तिला प्रश्नपत्रिका दाखवली. गणिताचा भाग तिने शाळेच्या ओट्यावर बसून पाटीवर सोडवला. मला जिथे अडले होते तिथे ती अडली नाही. गुरुजींनी पाहिले आणि म्हणाले, “हुशार आहे पोरगी, पण—” ते वाक्य त्यांनी पुरे केले नाही. करण्याची गरजही नव्हती. आमच्याकडे ह्या ‘पण’च्या पुढे काय असते ते सगळ्यांना ठाऊक असते. सातवीत तिची शाळा सुटली. मला शिष्यवृत्ती मिळाली. माझा बाप तालुक्याच्या मोंढ्यात हमाल होता. हमालाला ऊसतोडीला जावे लागत नाही. माझी गुणवत्ता म्हणजे मी फेब्रुवारीत गावात होतो.

हे मी नम्रतेने लिहीत नाही. मी अभ्यास केला होता, कंदिलाच्या काचेवरची काजळी पुसत केला होता. पण जी परीक्षा आम्हा दोघांपैकी एकालाच देता आली, तिच्या निकालाला दोघांमधली तुलना म्हणता येत नाही. आणि तरी त्या निकालावर माझे पुढचे सारे आयुष्य उभे आहे.

हा दोष जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढच्या निवेदनात नेमका दाखवून दिला होता. सरकारी शिष्यवृत्त्यांची पद्धत ज्या वर्गांना आधीच शिक्षणाची गोडी लागली आहे त्यांनाच उत्तेजन देते. स्पर्धेने शिष्यवृत्ती देणे तत्त्वतः न्याय्य दिसले तरी त्याने इतर वर्गांत शिक्षण पसरत नाही. म्हणून काही शिष्यवृत्त्या ज्यांच्यात शिक्षण पोचलेलेच नाही अशा वर्गांना द्याव्यात, असे त्यांनी सांगितले. फुल्यांनी ‘गुणवत्ता खोटी आहे’ असे म्हटले नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. ती मोजण्याची रीत एका वर्गाच्या सोयीची आहे, असे त्यांचे म्हणणे होते. आणि प्रज्ञा कुठे असते याचा पुरावा त्यांच्याजवळ होता. त्यांच्या व सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता ह्या मांग समाजातल्या मुलीचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ सालीच ‘ज्ञानोदया’त छापून आला होता. तिची कोणी प्रज्ञाशोध परीक्षा घेतली नव्हती. तिला शाळा मिळाली, आणि शाळेत तिला जे म्हणायचे होते ते म्हणू देणारे शिक्षक मिळाले.

पश्चिमेतही मोजमापाचा इतिहास असाच वळलेला आहे. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने याने १९०५ साली बुद्धीची मोजपट्टी तयार केली ती कोणाला जास्त मदतीची गरज आहे ते शोधण्यासाठी. अमेरिकेत लुईस टर्मन याने १९१६ साली तिची नवी आवृत्ती काढली आणि १९२१ पासून तिच्याच आधारे कॅलिफोर्नियात दीड हजारांवर ‘प्रज्ञावान’ मुले निवडून आयुष्यभर त्यांचा मागोवा घेण्याचे काम सुरू केले. मदतीसाठी केलेली पट्टी निवडीची पट्टी झाली. चाचणीसाठी मुले मुख्यतः शिक्षकांनी सुचवलेली. ज्यांची लहानपणी चाचणी झाली पण जे निवडले गेले नाहीत अशांत विल्यम शॉकले आणि लुईस अल्वारेझ हे दोघे होते. पहिल्याला १९५६ साली, दुसऱ्याला १९६८ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे ह्याच शॉकलेने काळ्या लोकांची बुद्धी जन्मतःच कमी असते असा प्रचार केला. ज्या पट्टीने त्याला नाकारले तीच पट्टी घेऊन तो दुसऱ्यांना नाकारायला निघाला. आपल्यातल्या शिकलेल्यांनीही यावर थोडे थांबून विचार करावा.

शिक्षकाची नजर किती भरवशाची, याचे उत्तर अलीकडच्या एका अभ्यासात मिळते. फ्लोरिडातल्या एका मोठ्या शालेय जिल्ह्यात पूर्वी शिक्षक वा पालक सुचवतील त्याच मुलांची प्रज्ञा-चाचणी होई. २००५ साली तिथे दुसरीच्या सगळ्याच मुलांची शब्दांवर अवलंबून नसलेली प्राथमिक चाचणी घेणे सुरू झाले. गरीब, काळी आणि हिस्पॅनिक मुले प्रज्ञावान म्हणून निवडली जाण्याचे प्रमाण मोठ्या प्रमाणात वाढले. मुले तीच होती, शाळा त्याच होत्या. आधी त्यांच्याकडे कोणी पाहिले नव्हते. पुढे पैशाअभावी ती पद्धत बंद पडली आणि हे प्रमाण पुन्हा खाली आले. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो ह्यांनी हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध केला. आपल्याकडे शिक्षकाच्या नजरेत जात मिसळलेली असते, एवढाच फरक.

आपल्या साहित्याने हे कोणत्याही संशोधनाच्या आधी सांगितले आहे. कुमुद पावडे ह्यांचे ‘अंतःस्फोट’ १९८१ साली आले. त्यातली त्यांच्या संस्कृत शिक्षणाची कहाणी आपण सामान्यतः जातीय अपमानाची कहाणी म्हणून वाचतो. ती तशी आहेच. पण ती एका असामान्य बुद्धीच्या विद्यार्थिनीची कहाणी आहे, ह्या अंगाने तिचे वाचन फारसे झालेले नाही. शाळेत संस्कृत शिकवणारे गोखले गुरुजी आपल्याला शिकवतील की नाही ह्या भीतीने ती मुलगी वर्गात जाते आणि गुरुजी तिला मनापासून शिकवतात. विशेष शाळा नाही, वेगळी तुकडी नाही. सर्वांच्या वर्गातच तिच्या बुद्धीला वाट मिळते, कारण एका शिक्षकाने तिच्यापुरता ‘पण’ उच्चारला नाही. पुढे विद्यापीठात तोच विषय, तीच विद्यार्थिनी, आणि वागणूक उलटी. एम.ए. झाल्यावर सोमकुवर ह्या नावाने नोकरी मिळत नाही. आंतरजातीय विवाहानंतर पावडे ह्या नावाने मिळते. हे त्या स्वतःच नोंदवतात. हिऱ्याला कोंदण बदलल्यावर भाव येतो, तेव्हा बाजार हिरा पाहत नसून कोंदण पाहत असतो.

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारले गेले, त्यांना फारसी घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते, असे चरित्रकार सांगतात. सदतीस-अडतीस टक्के. माझ्या कपाटातल्या रेघेने त्यांचे नाव दुसऱ्या कागदावर गेले असते आणि मी त्यांना सकाळी आठच्या वर्गात बसवले असते. ते थांबले नाहीत, याचे श्रेय त्यांच्या बुद्धीला आहे, तसेच पुस्तके हाती देणाऱ्या केळुसकर गुरुजींना आणि शिष्यवृत्ती देणाऱ्या सयाजीरावांनाही आहे. आपण बाबासाहेबांकडे चमत्कार म्हणून पाहतो. चमत्कार म्हटले की आपली जबाबदारी संपते. त्यांनी स्वतः मात्र चमत्काराची वाट पाहिली नाही. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ, १९५० ला तेव्हाच्या औरंगाबादेत पुढे ‘मिलिंद’ नावाने ओळखले गेलेले महाविद्यालय. नागसेनवनात गुणवंतांची वेगळी तुकडी पाडली गेली नाही. वसतिगृह, ग्रंथालय, मोकळे प्राध्यापक आणि बोलण्याची मुभा, एवढ्यावर मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेल्या मुलांतून लेखक, समीक्षक, कार्यकर्ते निघाले. समावेशन आणि प्रज्ञा एकत्र नांदू शकतात, याला मी दुसरा कुठला पुरावा देऊ?

आता थोडे आपल्याविषयी. ‘गुणवत्ता’ हा शब्द आपल्याविरुद्ध इतक्या वेळा वापरला गेला की आपण तो शत्रूच्याच ताब्यात देऊन टाकला. राखीव जागांच्या प्रत्येक वादात तो आपल्या तोंडावर फेकला गेला, म्हणून आपणही म्हणू लागलो की गुणवत्ता हे थोतांड आहे. हा राग समजण्यासारखा आहे. पण तो पुरेसा नाही. ज्या धम्माचा आपण स्वीकार केला त्याने प्रज्ञा, शील, करुणा सांगितली. त्यातला पहिलाच शब्द आपण कसा सोडणार? दुसरीकडे, दर वर्षी निकाल लागले की आपल्या वस्त्यांतून गुणगौरव समारंभ होतात. नव्वद टक्क्यांना शाल, पंच्याऐंशीला ट्रॉफी. त्या मांडवात मीही प्रमुख पाहुणा म्हणून बसलो आहे. पंचेचाळीस टक्क्यांचा मुलगा त्याच मांडवात सतरंज्या उचलत असतो. व्यवस्थेची रेघ आपण आपल्याच बुद्धविहारासमोर पुन्हा ओढतो. सभेत गुणवत्तेला शिव्या आणि मांडवात तिची पूजा, हे दोन्ही एकाच वेळी करता येणार नाही.

प्रस्थापितांचा एक प्रश्न मात्र खरा आहे, आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. सर्वांच्या वर्गात पुढे धावणारे मूल कुजते की नाही? कुजते. जे येते तेच पुन्हा पुन्हा ऐकत बसणे ही शिक्षाच आहे. अशी मुले खिडकीबाहेर पाहू लागतात, खोड्या करतात, आणि मूल आमचे असेल तर त्याच्यावर ‘उनाड’ असा शिक्का बसतो. चांगला शिक्षकही पुष्कळदा अशा मुलाला मॉनिटर करतो, नाहीतर मागच्या बाकांचा बिनपगारी मास्तर करतो. दुसऱ्याला शिकवावे, जरूर शिकवावे. पण त्यामुळे त्याची स्वतःची भूक भागत नाही.

उपाय महागडे नाहीत. जे मुलाला येते ते त्याने एकदा करून दाखवावे आणि त्यातून मोकळे व्हावे; वाचलेला वेळ त्याच विषयातल्या खोल प्रश्नाला द्यावा. एका विषयात पुढे असेल तर त्या विषयापुरते वरच्या वर्गात बसू द्यावे, वर्ग मात्र तोडू नये. ग्रंथालयाच्या कपाटाला कुलूप नसावे. निवड करायचीच तर सर्वांना तपासून करावी, मुलाच्या बोलीत करावी, आणि टोळी गावात असेल त्या महिन्यात करावी. अपंग मुलाच्या अपंगत्वावरच नजर खिळवू नये; नीट ऐकू न येणाऱ्या मुलाची बुद्धी नीट चालत असते. आणि मुलाची तुलना त्याच्याच परिस्थितीतल्या मुलांशी करावी. कोपीत बसून खाड्यांचा हिशेब करणारी मुलगी शिकवणीला जाणाऱ्या मुलाएवढे गुण मिळवत असेल, तर ती त्याच्या बरोबरीची नसून त्याच्या पुष्कळ पुढे आहे.

आता त्या विद्यार्थ्याविषयी. तो दुसऱ्या यादीतला. रात्री पेट्रोल पंपावर काम आणि जयंतीच्या दिवसांत भीमगीतांच्या गायन पार्टीत ढोलकी. मी छंदशास्त्र शिकवत होतो. फळ्यावर मोठ्या अभंगाची मांडणी लिहिली: सहा, सहा, सहा, चार. मागच्या बाकावरून त्याने विचारले, “सर, गाताना तर शेवटची चारपण सहाएवढाच वेळ घेत्यात. मग ती चार कशी?” आणि बाकावर बोटांनी ठेका धरून त्याने ते दाखवले. वर म्हणाला, “वही अक्षरं मोजती, ढोलकी वेळ मोजती.” छंदातली अक्षरसंख्या आणि गायनातला काल ह्यांचा संबंध, हा प्रश्न अभ्यासकांच्या तोलाचा आहे. मला त्याचे उत्तर त्या क्षणी आले नाही. मी म्हणालो, “हे परीक्षेला येत नाही,” आणि पुढचा मुद्दा घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्याच मुलाला मी ऱ्हस्व-दीर्घाचे नियम शिकवले. महिन्याभरात तो यायचा थांबला. कार्यालयातून गैरहजरांची नावे आली तेव्हा मला कळले.

गुरुजींचा ‘पण’ मी पंचवीस वर्षे त्यांच्या नावावर मांडत आलो होतो. तो माझ्याही तोंडून निघाला. ‘हे परीक्षेला येत नाही’ हा त्याच ‘पण’चा पदवीधर अवतार आहे.

मी पंपावर जाऊन त्याला भेटलो. माफी मागितली असे म्हणणार नाही. प्रश्न पुन्हा विचार, एवढेच म्हणालो. तो पुढच्या सत्रात आला. छंदाच्या एका तासाला मी खाली बसलो आणि तो ढोलकी घेऊन पुढे उभा राहिला. पहिल्या यादीतल्या निम्म्या मुलांना ठेका धरता आला नाही. कोणी कोणाला हसले नाही. त्याचे शुद्धलेखन अजून कच्चे आहे आणि त्यावर तो मेहनत घेतो आहे. एकाच माणसाचे नाव दोन्ही याद्यांत असू शकते, हे मला ह्या नोकरीत शिरल्यानंतर इतक्या वर्षांनी कळले.

यंदा याद्या करण्याची वेळ पुन्हा आली आहे. मी एकच यादी केली आहे. गुणांचा रकाना ठेवला आहे, कारण कागद मागणाऱ्याला तो लागतो. त्याच्या शेजारी दुसरा रकाना काढला आहे: ‘ह्याला काय येते?’ साठ नावांपैकी एकोणीस नावांपुढे मला अजून काही लिहिता आलेले नाही. तो दोष त्या एकोणीस जणांचा नाही. मी त्यांना अजून विचारलेले नाही.